तलावातले गवत आणि मरळीचे चार मुक्काम



आमचे काम पाहायला शहरातून पाहुणे आले की जेवणानंतर आम्ही त्यांना गावच्या तलावावर नेतो. पाळीवर उभे राहून बहुतेक जण दोन गोष्टी बोलतात. आधी म्हणतात, "किती सुंदर जागा आहे!" आणि थोड्या वेळाने विचारतात, "पण एवढे गवत का वाढू दिले? एकदाचे साफ का करत नाही?" मागच्या वेळी एका भगिनींनी तर साफसफाईसाठी देणगी देण्याची तयारी दाखवली. त्यांचे मन मोठे होते. आम्ही विनंती करून ती रक्कम मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी घेतली.

त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. ते पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते. शिवाय त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. म्हणून हा लेख.

मी साफ केलेला तलाव

आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात आहे. बहुतेक घरे गोंडांची, आणि तलावाच्या बाजूला ढिवरांची टोली. तलाव जुना आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनी मिळत, आणि कोहळी समाजाने या बांधकामात मोठे नाव कमावले. पुढे मालगुजार आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची निगा राखणारे रोजचे हात कमी झाले. गाळ साचला. त्यात बेशरम घुसली. निळ्याजांभळ्या फुलांची ही झुडुपे तुम्ही रस्त्याकडेला पाहिली असतील. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली.

मी इथे आलो तेव्हा तिशीतला होतो. पदविकेच्या अभ्यासात प्रभूच्या शिष्यांपैकी कोण कोण मासे धरणारे होते ते मी पाठ केले होते, पण गळाला आमिष कसे लावतात ते मला ठाऊक नव्हते. बारा वर्षांपूर्वी एका छोट्या योजनेचे पैसे हाती आले. मला वाटले, तलाव स्वच्छ करावा, रोहू-कटल्याचे बीज सोडावे, लोकांच्या हातात चार पैसे यावेत. एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर यंत्र लावले. बेशरम, देवधान, कमळाचे कंद, पाणगवत, सगळे एकाच ढिगात गेले. उरलेसुरले गवत खायला पावसाळ्यात गवत्या माशाचे बीज सोडले.

टोलीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या ढिवराला सगळे आबाजी म्हणत. ते पाळीवर बसून दोन दिवस हे पाहत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, घर झाडलं त बरंच केलं. पन कोनी घराचं छप्पर बी काढून टाकते का?"

मी हसलो. मला वाटले, जुनी माणसे नव्या गोष्टीला अशीच बिचकतात.

पावसाळ्यानंतर पाणी आरशासारखे दिसू लागले. मी फोटो काढून अहवालात लावला. उघड्या पाण्यात लहान बीज बगळ्यांना आणि पाणकावळ्यांना आयतेच मिळाले. गवत्याने कोवळे देशी गवत फुटले तसे खाल्ले, पण बेशरमीला तोंड लावले नाही. कडेला उरलेल्या बेशरमीच्या कांड्या पुन्हा रुजल्या. आणि मरळ दिसेनाशी झाली.

मरळ गेल्याने काय गेले

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. त्यासाठी संस्था लागते, ठेका लागतो, मोठे जाळे लागते. मरळीला यातले काही लागत नाही. ती तलावातच वाढते, तिथेच पिले घालते. एक काठी, एक दोरी, एक गळ एवढ्यावर ती धरता येते. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याचा हा मासा. काटे कमी आणि मांस घट्ट, म्हणून भावही चांगला. वर ती घमेल्यातल्या थोड्या पाण्यात तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून बाजारात ताजी विकता येते. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला मुद्दाम मरळीचा रस्सा देतात.

आबाजींची सून दर आठवड्याला बाजारात मरळ विकत असे. उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, याच पैशावर घर चाले. मरळ गेल्यावर पुढच्या फेब्रुवारीत ती आणि तिचा नवरा इतरांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेले. सोबत चार वर्षांची मुलगी होती. आमच्या बालवाडीच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे सलग तीन महिने रिकामे राहिले. तो हजेरीपट मी स्वतः भरत असे.

तेव्हा मी आबाजींकडे गेलो आणि म्हणालो, "चुकलो. आता शिकवा." पुढची चार वर्षे, ते हिंडूफिरू शकत होते तोवर, त्यांनी मला वर्षभर तलावाभोवती हिंडवले. खालचे बहुतेक ज्ञान त्यांचे आहे. कुठे कुठे मी पुस्तकातले कारण जोडले आहे.

मरळ गवतात का राहते

दोन गोष्टी समजल्या की बाकीचे सोपे जाते.

पहिली गोष्ट, मरळ पाठलाग करून शिकार करत नाही, ती दबा धरते. बेडूक, झिंगे, लहान मासोळ्या, किडे हे तिचे अन्न. गवताच्या आडोशाला ती लाकडासारखी निश्चल थांबते आणि टप्प्यात काही आले की झडप घालते. म्हणून ती गर्द गवताच्या पोटात कमी आणि गवताच्या कडेला जास्त सापडते. जिथे गवत संपून उघडे पाणी सुरू होते ती रेघ, कमळाच्या पानांमधली खिडकी, गुरे पाण्यात उतरतात ती वाट, बुडालेले खोड, या तिच्या जागा. सपाट उघड्या पाण्यात तिला आडोसा नाही. सलग गच्च गवतात तिला झडप घालायला जागा नाही. तिला दोन्ही हवे, आणि जवळ जवळ हवे.

दुसरी गोष्ट, मरळ हवा घेते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते. पाण्यातल्या प्राणवायूवर तिचे भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने तिला वर येऊन तोंडाने हवा घ्यावीच लागते. जाळ्यात अडकून ती पाण्याखालीच राहिली तर चक्क बुडून मरते. ती वर येते तेव्हा 'टप्‌' असा हलका आवाज होतो, गोल लाट उठते आणि एखाददुसरा बुडबुडा राहतो. आबाजी मला तलावावर नेत तेव्हा पहिला अर्धा तास गळ पाण्यात टाकू देत नसत. म्हणत, "आधी आयक." कुठे टप्‌ झाले, पुन्हा कुठे झाले, हे ऐकत बसायचे. मासा तिथेच आहे की सरकतो आहे ते त्यावरून कळते.

पहिला मुक्काम : पावसाळा

मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले की मरळ तलावाच्या खोल भागातून निघते. ती उथळ कडेला, नव्याने बुडालेल्या गवतात आणि पाटातून धानाच्या बांध्यांमध्ये चढते. ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातानाही लोकांनी तिला पाहिले आहे.

इथे जोडी जमते. नर आणि मादी मिळून गवत बाजूला सारून बशीएवढी ते परातीएवढी मोकळी जागा करतात. अंडी पाण्यावर तरंगतात. एकदोन दिवसांत ती फुटतात. पिले लालभडक शेंदरी असतात आणि शेकडोंच्या संख्येने एकत्र फिरतात. ती हवा घ्यायला वर आली की तेवढ्याच जागेचे पाणी उकळल्यासारखे दिसते. त्यांच्या खाली, हातभर अंतरावर, आईबाप असतात. साधारण महिनाभर ते पिलांना सोडत नाहीत. जवळ आलेल्या कशावरही धावून जातात, माणसाच्या पायावरसुद्धा.

या काळात मरळ धरणे सर्वांत सोपे. लाल घोळक्याच्या मधोमध आमिष सोडले की आई किंवा बाप भूक नसतानाही त्यावर झेपावतो. ती झेप भुकेची नसते, राखणीची असते. आईबाप गेले की पिलांवर दुसरे मासे तुटून पडतात आणि दोनतीन दिवसांत घोळका संपतो. एका मरळीच्या किमतीत पुढच्या दोन वर्षांच्या मरळी जातात.

म्हणून आमच्या गावात आता लाल पिले दिसलेल्या जागी कुणी गळ टाकत नाही. तिथे बांबूची काठी रोवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्यालाही कळते.

पोळा येईपर्यंत पिलांचा लाल रंग जाऊन ती करडी होतात आणि पांगतात. त्यानंतर गळ सुरू होतो. या दिवसांत तलाव भरलेला, गवत पूर्ण वाढीचे. मासा सगळीकडे विखुरलेला असतो. सकाळी दव असेपर्यंत आणि सूर्य कलल्यावर गवताच्या कडेकडेने गळ फिरवावा. ढगाळ दिवशी ती दुपारीही वर असते.

आमिषाला पूर्वी बेडूक लावत. आता आम्ही झिंगे, गांडूळ किंवा लहान मासोळी लावतो, कारण बांधीतले बेडूक किडे खातात आणि ते धानाच्या उपयोगी आहेत. एका पाहुण्याने रबरी बेडूक आणून दिला होता. अमेरिकेत बास नावाचा मासा अशाच गवताळ तळ्यांत दबा धरून बसतो, त्याच्यासाठी तो बनवलेला. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे कमळाच्या पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मरळीनेही तो निमूट घेतला. बासचा नरही घरट्याची आणि पिलांची राखण करतो, असे त्या पाहुण्याने सांगितले. मरळीत हे काम दोघे मिळून करतात. हे ऐकून टोलीतल्या बाया खूप हसल्या आणि आपापल्या नवऱ्यांकडे पाहू लागल्या.

दुसरा मुक्काम : दिवाळीच्या आगेमागे

धान पिवळे पडू लागले की शेतकरी बांध्यांतले पाणी सोडतात. पावसाळ्यात वर चढलेला मासा आता पाटांमधून खाली तलावाकडे परततो. पाट तलावाला मिळतो ते तोंड आणि तिथला गवताचा पट्टा ही या महिन्यातली जागा. आठपंधरा दिवसांची ही घाई असते.

मोह इथेही आहे. पाटाच्या तोंडावर बारीक विणीचा बांबूचा सापळा लावला की उतरणारे सगळेच मिळते, बोटाएवढी पिलेसुद्धा. आम्ही ठरवले आहे की सापळ्याच्या कामट्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवायची आणि रात्री सापळा उचलून ठेवायचा. दिवसाचे माणसाचे, रात्रीचे तलावाचे.

तिसरा मुक्काम : हिवाळा

थंडी पडली की मरळ मंदावते. खाणे कमी, हालचाल कमी, हवा घ्यायला वर येणेही कमी. त्यामुळे पाळीवर बसून ऐकणाऱ्याला वाटते, तलावात मासाच नाही. कमळाची पाने सडून गेलेली असतात. पण पाण्याखालचे गवत आणि जुन्या देठांचे बुडखे शिल्लक असतात. मरळ त्यांच्या बुडाशी, कमरेएवढ्या किंवा त्याहून खोल पाण्यात बसलेली असते.

पहाटे गळ टाकून गारठण्यात अर्थ नाही. सकाळी अकराच्या पुढे, ऊन चढल्यावर, वाऱ्याच्या आडोशाच्या काठाला जावे. ऊन खायला ती गवताच्या माथ्यापर्यंत येते. आमिष लहान ठेवावे आणि हलवू नये. इथे घाईचे काम नाही.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कधी कधी मरळीच्या अंगावर लाल चट्टे पडतात, पुढे त्याच्या जखमा होतात आणि मासे मरून तरंगतात. एका वर्षी आमच्याकडे हे झाले तेव्हा कुणी म्हणाले, तलावाला नजर लागली, आणि एका विधवा बाईकडे बोटे दाखवली जाऊ लागली. हा रोग आहे, आणि तो साऱ्या आशियात माहीत आहे. आपल्या देशात तो १९८८ साली ईशान्येकडून आला. तो बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे होतो, थंडीत वाढतो आणि मरळीच्या जातीला लवकर धरतो. मेलेले मासे काढून दूर पुरावेत. पाण्यात चुना किती टाकायचा ते मत्स्य खात्याच्या माणसाला विचारून ठरवावे. 'सिफॅक्स' नावाचे औषधही भारतीय संशोधकांनी यासाठीच तयार केले आहे. ग्रामसभेत हे समजावून सांगायला दोन तास लागले. त्या बाईच्या दारात त्या रात्री कुणी गेले नाही. माझ्या लेखी ते दोन तास सत्कारणी लागले.

चौथा मुक्काम : उन्हाळा

रब्बीला पाणी सोडून आणि उन्हाने आटून तलाव आक्रसतो. कडेचे गवत उघडे पडून वाळते. मासा पाण्याबरोबर मागे हटत तुडुमाजवळच्या खोलगट भागात गोळा होतो. तुडुम म्हणजे तलावातून शेतीला पाणी सोडण्याची जागा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि रात्रभर गवतही तो वापरते. म्हणून पहाटे सर्वांत कमी उरतो. त्या वेळी रोहू-कटले वर येऊन तोंडे उघडतात, कधी मरतातही. मरळ मात्र हवा घेऊन आरामात असते. पाणी आणखी आटले तर ती ओल्या चिखलात दडून पावसाची वाट पाहते.

पहाटे चार ते सूर्योदय ही उन्हाळ्यातली वेळ. सगळा मासा एका जागी आणि वरचेवर हवा घेणारा, म्हणून टप्‌ टप्‌ सतत ऐकू येते. उरलेल्या गवताच्या शेवटच्या झुबक्याच्या कडेला गळ सोडावा. हेच ते महिने, जेव्हा घरात दुसरी कमाई नसते. आणि हेच ते दिवस, जेव्हा चार माणसे तळ नसलेल्या बांबूच्या टोपल्या घेऊन उतरली तर तलावातली शेवटची मरळही काढू शकतात.

आमच्या गोंड भावांनी इथे मार्ग दाखवला. शेतकरी घरातले सगळे धान खात नाही, पेरणीचे बाजूला काढतो. तसे तुडुमाजवळच्या डोहाचा एक कोपरा काटेरी फांद्या टाकून राखायचा. त्यात कुणीही उतरायचे नाही. गोंडीत माशाला 'मीन' म्हणतात. लहान मुले त्या कोपऱ्याला 'मीनचे घर' म्हणतात, आणि त्यांचा पहारा मोठ्यांपेक्षा कडक असतो.

कोणते गवत ठेवायचे, कोणते काढायचे

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे येतो.

तलावातल्या देशी वनस्पती ढोबळमानाने तीन प्रकारच्या. काठाला उभ्या वाढणाऱ्या, जसे देवधान. पाने पाण्यावर पसरणाऱ्या, जसे कमळ आणि शिंगाडा. आणि पूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या, जसे हायड्रिला. काठावरच्या वनस्पतींत मरळ पिले घालते, पानांच्या सावलीत शिकार करते, पाण्याखालच्या गवतात हिवाळा काढते. एक जरी प्रकार गेला तरी तिचा एक मुक्काम मोडतो. मी तिन्ही एकाच दिवसात मोडले होते.

बेशरमीची गोष्ट वेगळी. तिला गुरे सहसा खात नाहीत, खाल्ली तर शेळ्यांना विषबाधा होते. तिची कांडी ओल्या जमिनीत पडली की रुजते. ती काठ गिळत आत सरकते आणि देशी गवताला जागा ठेवत नाही. जलपर्णी पाण्यावर गच्च छप्पर घालते, खाली उजेड जात नाही आणि खालचे गवत मरते. या दोन्ही काढायच्या. बेशरम उन्हाळ्यात, जमीन ओली पण पाणी उतरलेले असताना, मुळासकट उपटायची आणि पाळीपासून लांब नेऊन पूर्ण वाळवायची. वरून छाटली तर दुप्पट फुटते. आणि एकदा काढून भागत नाही, दरवर्षी फेरी मारावी लागते.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या लोकांनी, विशेषतः महिलांनी, हे काम मोठ्या चिकाटीने केले आहे. त्यांनी बेशरम उपटली आणि तिच्या जागी देशी वनस्पती आणून लावल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने त्यांना साथ दिली. गवत काढायचे असते हे मला माहीत होते, ते लावायचेही असते हे त्यांच्यामुळे कळले.

आम्हीही तसेच केले. मे महिन्यात शेजारच्या तलावातून कंद आणि मुळे आणून ओल्या गाळात लावली. गवत्याचे बीज पुन्हा सोडले नाही. गवत परतायला तीन पावसाळे लागले. चौथ्या पावसाळ्यात, श्रावणात, आबाजींच्या सुनेने मला हाक मारून काठावर बोलावले. कोपऱ्यातल्या देवधानाजवळ पाणी उकळत होते.

नियम आणि माणूस

नियम गावाने केले, संस्थेने नव्हे. २००६च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतींच्या हाती दिले आहे. हे आम्ही फक्त वाचून दाखवले. पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत मरळीला गळ नाही, चार बोटांपेक्षा बारीक जाळे नाही, मीनच्या घरात पाय नाही, हे ग्रामसभेने ठरवले. नियम मोडला तर दंड.

दुसऱ्याच वर्षी एक तरुण लाल घोळक्यावर गळ टाकताना सापडला. दोन्ही मरळी त्याच्या घमेल्यात होत्या. बैठक भरली. तो खाली मान घालून उभा होता. दंड मागणारे बरेच होते. आबाजी तेव्हा अंथरुणावर होते, त्यांच्या सुनेने विचारले, "कायले धरली, ते त सांग." बायको माहेरी बाळंत झाली होती, दवाखान्याचा खर्च होता, आणि सावकाराचे दार त्याला नको होते.

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग महिला गटाने आपल्या बचतीतून त्याला बिनव्याजी रक्कम दिली. दंड मात्र माफ झाला नाही. दंड काय, तर त्या पावसाळ्यात काठ्या रोवण्याचे काम त्याचे. नियम फक्त माशासाठी करून भागत नाही, पावसाळ्यात ज्याच्या घरी पैसा नसतो त्याची सोयही त्याच नियमात करावी लागते, हे मी त्या बैठकीत शिकलो. आता गटाने जून ते ऑगस्टसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.

सगळे गोड झाले असे नाही. ठेक्याने मासेमारी करणाऱ्यांशी वाद अजून होतात. दोन वर्षांपूर्वी पाऊस लांबला तेव्हा मीनच्या घरातही मासे मेले. बेशरम सांडव्याच्या बाजूने परत डोके काढते आहे.

आबाजी आता नाहीत. त्यांची सून मात्र यंदाही मिरची तोडायला गेली नाही. उन्हाळाभर पहाटे चारला ती तलावावर असते आणि बाजारच्या दिवशी घमेले घेऊन बसते. हजेरीपटात जिच्या नावापुढे तीन महिने रिकामे राहिले होते ती मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिने याच मार्चमध्ये, गावातच राहून, दहावीची परीक्षा दिली.

ज्या भगिनींनी साफसफाईसाठी देणगी देऊ केली होती त्यांना आणि तुम्हा सर्वांना निमंत्रण आहे. श्रावणात या, सकाळी लवकर. गळ आणू नका. बांबूची काठी रोवलेली दिसेल तिथे थोडे लांब उभे राहू आणि पाणी उकळायची वाट पाहू.